वाळूच्या टेकड्यांमधला पट

जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ वेल्हे तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत. निवृत्त झाले तेव्हा पट होता अकरा. मुलाकडे लिंकनला, म्हणजे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या राजधानीत, तीन महिने राहायला गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं आई नायगरा बघायला मागेल. मी म्हटलं, मला खेड्यातली शाळा दाखवा. मुलगा हसला. सूनबाई नाही हसली. तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण राज्याच्या पश्चिमेकडच्या सँडहिल्समध्ये, म्हणजे वाळूच्या टेकड्यांत, वाढलेली. तिची आई अजून तिथंच, सकाळी शाळेत स्वयंपाक करते आणि दुपारी शाळेचीच व्हॅन चालवते. दोन फोन झाले, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी आली आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी सासू-सुना निघालो. मुलाला सुट्टी नव्हती. बरंच झालं.

त्या गावाचं आणि शाळेचं नाव इथे देत नाही. गाव इतकं लहान आहे की नाव दिलं तर मुलं ओळखू येतील.

बुधवार: लिंकन ते थेडफर्ड

निघण्याआधी सूनबाईने कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात नेलं. तिथे प्रवेशाच्या दालनात १८८८ च्या हिमवादळाचं मोझेक चित्र आहे. त्या वर्षी १२ जानेवारीची सकाळ उबदार होती, मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली, आणि दुपारी अचानक असं वादळ आलं की दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलं बरीच. मिनी फ्रीमन नावाच्या तरुण मास्तरीणबाईंच्या मातीच्या शाळेचं छप्पर उडालं, तेव्हा त्या मुलांना घेऊन जवळच्या घरापर्यंत पोचल्या. सगळ्यांना एका दोरीला बांधून नेलं अशी आख्यायिका आहे. दोरी खरी की नाही यावर वाद आहेत. मला दोरीचं काही नाही, मुलं मोजून घरात घेताना बाईंचा जीव कसा झाला असेल ते कळलं. ओढा ओलांडून घरी जाणारी मुलं मीही पावसाळ्यात मोजलेली आहेत.

ग्रँड आयलंडपर्यंत मोठा हायवे, मका आणि सोयाबीन, सांगण्यासारखं काही नाही. तिथून हायवे २ धरला आणि ब्रोकन बो हे गाव मागे पडल्यावर शेतं संपली. पुढे नुसत्या टेकड्या. मुळात या वाळूच्याच, पण वर गवताचं कातडं चढलेलं, म्हणून जागच्या जागी उभ्या. सगळा प्रदेश सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दीडपटीहून मोठा. नांगर लावला की वाळू उडते, म्हणून इथे शेती नाही, गुरं आहेत. गवत त्या दिवसांत तांबूस झालेलं, नदीकाठचे कॉटनवुड पिवळे. रस्त्याला समांतर रेल्वे, तिच्यावर कोळशाच्या न संपणाऱ्या मालगाड्या. समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो. तासाभरात सूनबाईचंही बोट उचललं जायला लागलं.

हॅल्सीला माणसांनी लावलेलं जंगल आहे. १९०२ साली, विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स बेसी यांच्या आग्रहातून, वाळूवर झाडं लागतात का हे बघण्यासाठी सुरू झालेलं. लागली. पण ऑक्टोबर २०२२ च्या वणव्यात त्यातला मोठा भाग जळाला, आणि खेड्यापाड्यातल्या मुलांच्या पिढ्यान् पिढ्या जिथे उन्हाळी शिबिराला आल्या ते फोर-एच या मुलांच्या संघटनेचं शिबिरही. काळे बुंधे अजून उभे आहेत.

मुक्काम थेडफर्डला.

*जाणाऱ्यांसाठी:* पेट्रोल (इथे ‘गॅस’) अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, पुढचा पंप तीस-चाळीस मैलांवर असतो. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, टेकड्यांत रेंज जाते. संध्याकाळनंतर हरणं रस्त्यावर येतात, गाडी हळू. शाकाहारी असाल तर दशम्या, चटणी बरोबर हवीच. आम्ही मेथीच्या दशम्या नेल्या होत्या, त्यांनी दोन वेळा तारलं.

गुरुवार: एक तास आधी

शाळा आठला भरते असं सांगितलेलं. आम्ही धावतपळत आठला दहा कमी असताना पोचलो, तर दाराला कुलूप, आवारात चिटपाखरू नाही. सुट्टी आहे की काय? सूनबाईच्या फोनला रेंज नव्हती. दहा मिनिटांनी एक बाई केर काढायला आल्या आणि आमच्याकडे बघून हसल्या. ‘पूर्वेकडून आलात वाटतं?’ थेडफर्ड आणि मलन या दोन गावांच्या मधून कालरेषा जाते, तिच्या पश्चिमेला घड्याळ एक तास मागे. आम्ही ती ओलांडली होती आणि इथे सातसुद्धा वाजले नव्हते.

पण तो तास फुकट गेला नाही. शाळा भरताना बघायला मिळाली, आणि कुठलीही शाळा बघायची तर ती भरतानाच बघावी. आधी स्वयंपाकघराचा दिवा लागला. मग धुळीचे लोट उडवत गाड्या यायला लागल्या. एका पिकअपमधून चालकाच्या जागेवरून जी उतरली ती नववीतली मुलगी, आणि तिच्यामागून दप्तर ओढत दुसरीतला भाऊ. माझा श्वास अडकला. पण हे कायद्याने चालतं: खेड्यातल्या, शाळेपासून दीड मैलाहून लांब राहणाऱ्या मुलांना नेब्रास्कात चौदा वर्षं दोन महिने पूर्ण झाले की घर ते शाळा गाडी चालवण्याचा परवाना मिळतो, घरातल्या भावंडांना बरोबर नेता येतं. ती मुलगी रोज बावीस मैल येते. एकीकडचे.

इमारत एकच. एका टोकाला बालवर्ग, दुसऱ्या टोकाला बारावी, मधे जिम. सगळे मिळून शंभराच्या आत. मुख्याध्यापक तेच अधीक्षक, म्हणजे आपल्याकडचे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी एकाच खुर्चीत. वर सामन्यांच्या दिवशी बसही तेच हाकतात. विज्ञानाच्या बाई सातवी ते बारावीचं सगळं विज्ञान शिकवतात. त्यांच्या टेबलावर सहा वर्गांच्या सहा रंगांच्या फायली होत्या, आणि मला लगेच माझी बिगारीतल्या आणि चौथीतल्या पाट्यांची उतरंड आठवली.

पहिली-दुसरी एका खोलीत. बाईंनी दुसरीला उदाहरणं घातली, पहिलीला जमिनीवर बसवून वाचन घेतलं, मधेच एका दुसरीवाल्याला पहिलीच्या मुलाशेजारी बसवलं. आपल्याकडे याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि त्यावर प्रशिक्षणं होतात. मी खुणेने विचारलं, त्याला मुद्दाम तिथे बसवलंत ना? त्या डोळ्यांनीच हसल्या. आमची भाषा एक नव्हती, पण धंदा एक होता.

स्पॅनिश मात्र पडद्यावर. शिक्षिका दुसऱ्याच जिल्ह्यात, तिच्यासमोर तीन शाळांची मुलं तीन चौकटींत. एक शिक्षक मिळत नाही, मिळाला तर एकट्या शाळेला परवडत नाही, म्हणून वाटून घेतलेला. तास नीट चालला होता. तरी एक मुलगा चौकटीच्या बाहेर सरकून बसला होता आणि ते बाईंना दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

इथे ‘जिल्हा’ हा शब्द समजून घ्यावा लागतो, मला तो घोळ सुटायला अर्धा दिवस गेला. शाळेचा जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. शाळेचं स्वतःचं वेगळं राज्यच म्हणा: स्वतःची हद्द, स्वतः लावलेला कर आणि स्वतः निवडून दिलेलं मंडळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्या नेब्रास्कात असे सात हजारांच्या आसपास जिल्हे होते, बरेचसे एकेका खोलीचे. आज अडीचशेच्या आत आले आहेत.

मधल्या सुट्टीत सहावीतल्या मुलीने मला शाळा दाखवली. तिच्या इयत्तेत ती एकटी. ‘माझ्या वर्गात पहिली मीच आणि शेवटचीही मीच,’ म्हणाली. पाठ केलेला विनोद होता, पाहुण्यांना नेहमी सांगत असणार. मैत्रिणी कोण, विचारलं तर पाचवीतल्या दोघींची नावं घेतली. मग थोडं थांबून म्हणाली, पुढच्या वर्षी त्यातली एक जाणार, तिच्या बाबांनी नोकरी बदलली. लहान शाळेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे वाक्य ऐकावं. मी स्वतः गाते, म्हणून मला ते जास्त लागलं.

जेवायला चिली आणि सिनॅमन रोल. म्हणजे राजमा-गोमांसाचा तिखट रस्सा आणि त्याबरोबर दालचिनीचा साखर घातलेला गोड पाव, एकाच ताटात. नेब्रास्कातल्या कुठल्याही माणसाला शाळेतलं जेवण विचारा, हेच सांगतो. काही जण रोल रश्श्यात बुडवतात. सूनबाईच्या मैत्रिणीची आई, म्हणजे आमच्या यजमानीणबाई, यांनी माझ्यासाठी नुसत्या राजम्याचं छोटं पातेलं वेगळं ठेवलं होतं. मी बुडवून पाहिला. नावं ठेवायला तयार होते, पण पुरणपोळी कटाच्या आमटीत बुडवून खाणाऱ्यांनी काय बोलावं! शाळेत खिचडीच्या दिवशी आमच्या मावशी जशा पळी हातात धरून ‘आणखी कुणाला?’ म्हणायच्या, तशाच या म्हणत होत्या. शिल्लक काही राहिलं नाही.

संध्याकाळी शाळा मंडळाची बैठक. कुणीही जाऊन बसू शकतं, खुल्या बैठकींचा कायदाच आहे आणि त्याची प्रत खोलीत लावलेली असावी लागते. दाराशेजारी ती होती. सहा सदस्य, सगळे रँचवाले किंवा रँचवाल्या (रँच म्हणजे गुरं पाळायचं मोठं कुरण), मानधन शून्य, टोप्या टेबलावर उलट्या ठेवलेल्या. अंदाजपत्रकाचा महिना, त्यामुळे विषय कराचा. मला सूनबाई हळूच मराठीत सांगत होती.

गोम अशी आहे. शाळेचा खर्च मुख्यतः मालमत्ता करातून निघतो. इथे जमीन हजारो एकर, मुलं मूठभर. त्यामुळे कागदावर दर मुलामागे जिल्हा गर्भश्रीमंत दिसतो, आणि राज्याच्या १९९० पासूनच्या सूत्राप्रमाणे श्रीमंताला समानीकरणाची मदत मिळत नाही. पण जमिनीची किंमत वाढली म्हणून वासरं जास्त होत नाहीत. वर्षातून एकदा वासरं विकून पैसा येतो, कर मात्र जमिनीच्या किमतीवर. २०२३ साली कायदा बदलला आणि दर मुलामागे १,५०० डॉलर सरसकट सगळ्या जिल्ह्यांना मिळू लागले, तेव्हा जरा हायसं वाटलं म्हणे. तरी त्या रात्री दोन तास वाद झाला तो जुनी व्हॅन आणखी एक हिवाळा ओढेल का यावर. व्हॅन चालवणाऱ्या यजमानीणबाई मागच्या बाकावर स्वेटर विणत होत्या. शेवटी त्यांनाच विचारलं. ‘ओढेल,’ म्हणाल्या, ‘पण हीटर मला नवा हवा.’ हीटर मंजूर.

मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. व्हॅनचा हीटर मागायला आमचा कागद किती टेबलं फिरला असता! पण रात्री विज्ञानाच्या बाई बोलता बोलता म्हणाल्या की त्यांची नेमणूक याच सहा जणांच्या हातात, आणि त्यांतल्या दोघांची मुलं त्यांच्याच वर्गात. गेल्या वर्षी एकाला कमी गुण दिले तेव्हा झोप लागली नव्हती. आमच्याकडे बदलीची भीती, इथे शेजाऱ्याची.

*आणखी एक सूचना:* शाळा बघायची असेल तर किमान दोन आठवडे आधी लिहा, ओळखपत्र न्या, दारात नोंद करावी लागते. मुलांचे फोटो काढू नका. भेट म्हणून मी राजगिऱ्याचे लाडू नेले होते, पण काहींना दाण्यांची ॲलर्जी असते म्हणून बाहेरचं खाणं वर्गात वाटू देत नाहीत. लाडू शिक्षकांच्या खोलीत संपले.

शुक्रवार: कुलूप आणि ट्रॉम्बोन

सकाळी यजमानीणबाईंच्या दिराच्या रँचवर. वारा असा की पदर सांभाळता सांभाळता पुरेवाट. (सूनबाईने निघतानाच जीन्स घ्या म्हटलं होतं. ऐकायला हवं होतं.) पवनचक्की पाणी उपसत होती, गवताचे गोल गठ्ठे रांगेने ठेवलेले. आणि कुंपणाच्या कडेला एक पांढरी, रंग उडालेली एक-खोली शाळा, शेजारी बाईंसाठी बांधलेलं दोन खोल्यांचं घर. त्याला ‘टीचरेज’ म्हणतात.

दीर सत्तरीचे, कमी बोलणारे. ते इथेच शिकले, त्यांची मुलंही. २००५ साली राज्याने कायदा केला की फक्त प्राथमिक वर्ग चालवणारे छोटे जिल्हे मोठ्यांत विलीन करायचे. असे दोनशेच्या वर जिल्हे होते. लोकांनी सह्या गोळा केल्या, प्रश्न मतदानाला आला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये कायदा रद्द झाला. ‘मतदान आम्ही जिंकलं,’ ते म्हणाले, ‘पण विलीनीकरण जूनमध्येच होऊन गेलं होतं.’ त्यांनी कुलूप काढलं. फळा, नकाशा गुंडाळून वर बांधलेला, खुंट्यांच्या दोन रांगा: एक मोठ्यांच्या उंचीची, एक लहानांच्या. आत आता खोगिरं ठेवतात.

नंतर त्यांची सून आठवडाभर मुलांना घेऊन गावात भाड्याच्या घरात राहायची आणि शुक्रवारी रँचवर परतायची. नवरा इथे गुरांपाशी. अशी आठ वर्षं काढली. चेरी काउंटीत (काउंटी म्हणजे महसुली जिल्हा) अशा आडरानातल्या काही शाळा अजून टिकून आहेत, पण ती काउंटीच गोव्याच्या चौपट आणि माणसं साडेपाच हजारांच्या आसपास, तिथे दुसरा इलाज तरी काय?

मी त्यांना सांगितलं की २०२३ मध्ये आमच्याकडेही वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं होतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा, हा आमचा नियम. ते ऐकून त्यांनी टोपी मागे सारली. ‘एक किलोमीटर म्हणजे माझ्या फाटकापर्यंतसुद्धा नाही.’ अंतर त्यांचं जास्त होतं, पण आमच्या एक किलोमीटरात ओढा होता आणि डोंगर होता, हे मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही. सूनबाईने सांगितलं. तिने ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

संध्याकाळी फुटबॉल. सहा जणांचा! नेहमीचा अमेरिकन फुटबॉल अकराचा. मंदीच्या काळात छोट्या शाळांना अकरा मुलं मिळेनात म्हणून स्टीफन एप्लर या नेब्रास्कातल्याच चेस्टर गावच्या शिक्षकाने १९३४ मध्ये सहाचा खेळ बसवला. मैदानही आखूड, शंभरऐवजी ऐंशी यार्ड. मध्यंतराला किंवा त्यानंतर पंचेचाळीस गुणांचा फरक असला की सामना तिथेच थांबतो. तरीही मुलं पुरत नाहीत तेव्हा कालपर्यंतच्या वैरी शाळा मिळून एक संघ करतात.

खेळ मला फारसा कळला नाही, गर्दी कळली. मैदानाभोवती पिकअप उभे करून लोक आत बसूनच बघतात आणि गुण झाला की सगळे एकदम हॉर्न वाजवतात. गावात राहतात त्याहून जास्त माणसं तिथे होती. आमचा संघ नऊ जणांचा, म्हणजे राखीव तीन. मध्यंतराला बँड आला, आणि खांद्यावर तेच पॅड, गुडघे मातीने माखलेले असे दोन खेळाडू हेल्मेट बाजूला ठेवून बँडमध्ये जाऊन उभे राहिले. एकाच्या हातात ट्रॉम्बोन. त्यांच्याशिवाय बँड झालाच नसता. ढोल वाजवत होती ती आमची बावीस मैल गाडी हाकणारी नववीतली. मोठ्या शाळेत यांतली निम्मी मुलं गर्दीत टाळ्या वाजवत बसली असती.

हरलो. थंडी बोचायला लागली होती. कुणीतरी माझ्या खांद्यावर घोंगडीसारखा जाड रग टाकला, कुणी ते कळलंच नाही, आणि परत कुणाला द्यायचा तेही. यजमानीणबाई म्हणाल्या, द्या इकडे, सोमवारी व्हॅनमध्ये मालक सापडेल.

शनिवार: कोडी

परतीचा रस्ता लांबवून मलनहून हायवे ९७ ने उत्तरेला व्हॅलेंटाइनला गेलो. सत्तरच्या वर मैल, वाटेत गावं जवळजवळ नाहीतच, आणि मी पाहिलेला सगळ्यात सुंदर रस्ता. तळ्यांवर बदकं, आभाळ अगदी खाली आलेलं. सूनबाई आणि मी तासभर बोललोच नाही. तिचे आजोबाही शाळामास्तर होते, हे मला त्या तासानंतर कळलं. लग्नाला सहा वर्षं झाली, मी कधी विचारलंच नव्हतं.

व्हॅलेंटाइनहून पश्चिमेला कोडी. वेशीवरच्या फलकाचं मराठी करायचं तर ‘मरायला तयार नसलेलं गाव’. वस्ती दीडशेच्या आसपास. दहा वर्षांहून जास्त काळ इथे किराणा दुकान नव्हतं. मग शाळेतल्या मुलांनीच काढलं: सर्कल सी मार्केट, २०१३ पासून. भिंती पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या, वरून गिलावा. मुलं हिशोब ठेवतात, माल मागवतात, गल्ल्यावर बसतात. आमच्या ‘बालआनंद मेळाव्या’त मुलं भेळ विकतात आणि दुपारी दुकान गुंडाळतात. इथे रोजचं दुकान आहे, आणि ते बंद राहिलं तर गावाचं दूध अडतं.

आम्ही दूध, केळी आणि सूनबाईला हवी होती म्हणून लोणच्याची बरणी घेतली. गल्ल्यावर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. त्याने साडीकडे पाहून कुठून आलात विचारलं. सूनबाई म्हणाली, आई भारतातल्या शाळेत शिकवायच्या.

‘किती मुलं होती?’ त्याने विचारलं.

‘अकरा.’

‘वर्गात?’

‘शाळेत.’

त्याने सुटे पैसे मोजायचे थांबून माझ्याकडे नीट पाहिलं. मग गल्ल्याखालून एक केळं काढून पिशवीत टाकलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.